कोड लिहिण्याआधी उदाहरण मागा

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू असते. तिथल्या एका कारखान्यात दर शनिवारी संध्याकाळी मजुरी वाटतात. आमच्या पाच जणांच्या टीमने त्यांना मजुरीच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहून दिला आणि पहिल्याच शनिवारी अकरा कारागिरांच्या नावापुढे ‘देय रक्कम: ०’ असं आलं. आठवडाभर मागावर उभी राहिलेली माणसं, आणि हातात काही नाही. हिशेब सांभाळणाऱ्या काकूंनी संगणक बाजूला सारला, लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडली आणि रात्री नऊपर्यंत बसून एकेकाचे पैसे हाताने काढून दिले. आम्ही तिथंच खालमानेनं उभे होतो.

आमच्या कागदावर एकच वाक्य होतं: ‘उचल मजुरीतून वळती करावी.’ उचल म्हणजे कारागिराने आधी घेतलेले पैसे. आम्ही ती वळती केली, सगळीच्या सगळी. ज्याची उचल पाच हजार आणि मजुरी तीन हजार, त्याला शून्य. गंमत नाही, पण आमच्या सगळ्या टेस्ट, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते बघणाऱ्या चाचण्या, त्या दिवशी पास होत्या. त्या आम्हीच लिहिलेल्या, आमच्याच समजुतीवर बेतलेल्या. उचलीचा दर आठवड्याला ठरलेला हप्ताच कापायचा असतो हे वडगावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारनंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. ती इथं क्रमाने सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नुकतेच सॉफ्टवेअरच्या कामाला लागलेले, कॉलेजात अ‍ॅजाइलची व्याख्या पाठ केलेले, पण प्रत्यक्ष टीममध्ये बसल्यावर नेमकं काय करायचं असा प्रश्न पडलेले जे आहेत, त्यांच्यासाठी.

नावांची ओळख, थोडक्यात

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्ड इथं १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, म्हणजे सॉफ्टवेअर लवचीकपणे, टप्प्याटप्प्याने करण्याच्या पद्धतीचा. त्यात चार मूल्यं आणि बारा तत्त्वं आहेत. मला त्यातून रोजच्या कामासाठी एवढं कळलं: थोडं करा, वापरणाऱ्याला दाखवा, चुकलं असेल तर चूक लहान असतानाच दुरुस्त करा. स्क्रम ही त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी चौकट. ती जाहीरनाम्याच्याही आधीची, १९९५ साली केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी मांडलेली.

बीडीडी म्हणजे बिहेव्हियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट, वागणुकीवर आधारलेलं काम. डॅन नॉर्थ टेस्ट आधी आणि कोड नंतर ही पद्धत शिकवायचे, तेव्हा शिकणारे त्याच त्या प्रश्नांवर अडायचे: सुरुवात कुठून करू, काय तपासू, टेस्टला नाव काय देऊ? ‘टेस्ट’ शब्द बाजूला ठेवून ‘प्रोग्रामने कसं वागलं पाहिजे’ असं विचारलं की बराच गुंता सुटतो, असं त्यांच्या लक्षात आलं. २००६ मध्ये त्यांनी ते लेखातून मांडलं. ‘अशी परिस्थिती असताना, असं घडलं, तर असा परिणाम व्हावा’ ही तीन पायऱ्यांची मांडणी तिथून रुळली.

पहिली पायरी: वही कुणाच्या हातात आहे ते शोधा

आम्हाला काम मालकांनी दिलं, म्हणून सगळे प्रश्न आम्ही मालकांनाच विचारले. मालकांना सूत कुठून घ्यायचं, साडी कुठल्या बाजारात जाते, दर कधी पडतात हे तोंडपाठ. पण मजुरीची वही काकूंच्या हातात होती आणि त्यांच्याशी आम्ही ‘चहा नको काकू’ यापलीकडे बोललो नव्हतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

प्रत्येक धंद्यात अशी एक वही असते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ती स्टोअर सांभाळणाऱ्याकडे असेल, खेड्यातल्या दूध संकलन केंद्रात फॅट मोजणाऱ्याकडे, निपाणीच्या तंबाखूच्या गोदामात दिवाणजींकडे. त्या माणसाच्या शेजारी एक दिवस बसा. लॅपटॉप नको, कागद आणि पेन न्या. तो जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे उतरवा: उचल, हप्ता, खाडा, डॅमेज. आपल्याकडे काकू आमच्याशी मराठीत बोलतात आणि पुढच्या मिनिटाला कारागिराशी कानडीत. दोन्ही शब्द लिहून ठेवा, त्यांच्यापुढे अर्थ लिहा आणि अर्थ त्यांनाच वाचून दाखवा.

शब्द बदलू नका, यावर मी फार अडून बसतो. कारण आमच्यातल्या एकाने उचलीच्या टेबलाला ‘लोन’ असं नाव दिलं. दुसऱ्याने ते वाचलं आणि लोन आहे म्हटल्यावर व्याजाचा रकाना घातला. तिथं उचलीवर व्याज नसतं. कुणी मुद्दाम केलं नाही, पण एका शब्दाच्या भाषांतरातून गरीब माणसाच्या डोक्यावर व्याज चढलं असतं.

दुसरी पायरी: कामाचे लहान तुकडे करा

एका तुकड्याला स्टोरी म्हणतात. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: कुणाला हवं, काय हवं, कशासाठी हवं. आमची एक स्टोरी अशी: ‘कारागीर म्हणून मला शनिवारी हातात किती पडणार ते शुक्रवारीच कळावं, म्हणजे घरचा बाजार ठरवता येईल.’ शेवटचा ‘कशासाठी’ नवखे लोक हमखास गाळतात. तो असला की कळतं, ही रक्कम शुक्रवारी दिसली पाहिजे, शनिवारी दिसून उपयोग नाही.

तुकडा असा पाडा की संपल्यावर वापरणाऱ्याला दाखवता येईल. ‘डेटाबेसची टेबलं तयार करणे’ ही स्टोरी नव्हे, काकूंना त्यात बघण्यासारखं काही नाही. ‘उचल नसलेल्या कारागिराची आठवड्याची मजुरी’ ही स्टोरी. उचलवाल्यांची दुसरी, डॅमेज साडीची तिसरी.

चिठ्ठ्या भिंतीवर लावा: करायचं, चालू, तपासणीत, झालं. ‘चालू’ खाली एका वेळी माणशी एकच चिठ्ठी. दुसरी घ्यावीशी वाटली तर आधी तपासणीत अडकलेल्या कुणाच्या तरी चिठ्ठीला हात लावा.

तिसरी पायरी: तिघं बसा आणि उदाहरणं मागा

सगळ्या लेखातली ही एकच पायरी करायची असली तर हीच करा. कोडची एक ओळही लिहायच्या आधी तीन प्रकारची माणसं एकत्र बसवायची: काम ज्याला कळतं तो, कोड लिहिणारा आणि तपासणारा. मॅट विन यांनी यासाठी रंगीत चिठ्ठ्यांची सोपी पद्धत सांगितली आहे: पिवळ्या चिठ्ठीवर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर त्या नियमाचं उदाहरण आणि उत्तर माहीत नसलेला प्रश्न लाल चिठ्ठीवर. पंचवीसेक मिनिटांत उरकायचं. खडेबाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले चार रंगांचे कागद पुरतात.

काकूंना आम्ही ‘तुमच्या रिक्वायरमेंट सांगा’ म्हटलं असतं तर त्या गप्प बसल्या असत्या. आमच्या टेस्टर मुलीने विचारलं, “काकू, समजा एकाने या आठवड्यात आठच साड्या दिल्या. शंभरच्या दराने आठशे झाले. त्यातले पाचशे उचलीला कापायचे?”

“आठशातले पाचशे कापून घेतल्यावर त्यानं खायचं काय गं? हजाराच्या आत असला तर हात लावायचा नाही.”

“आणि बरोबर हजार झाले तर?”

काकू थांबल्या. “हजार झाले तर कापायचे. आत म्हणजे आत.”

“उचल तीनशेच उरली असली आणि हप्ता पाचशेचा असला तर?”

“तर तीनशेच कापणार की! जास्तीचे कशाला?”

पाच मिनिटांत तीन नियम. यातला एकही आमच्या कागदावर नव्हता. प्रश्न कसा विचारला ते बघा: ‘समजा’ने सुरुवात, खरा आकडा, खरा माणूस, आणि काठावरची रक्कम. नियम विचारला की माणूस अडखळतो, उदाहरण दिलं की त्याच्या तोंडून नियम आपोआप बाहेर येतो.

एक लाल चिठ्ठी उरली. दोघं भाऊ एकाच मागावर पाळीपाळीने काम करतात आणि उचल थोरल्याच्या नावावर आहे, तर कुणाच्या मजुरीतून कापायची? “ते मालकांना विचारा,” काकू म्हणाल्या. लाल चिठ्ठीवर अंदाज बांधून कोड लिहायचा नाही. दोन दिवसांनी मालकांनी सांगितलं, ज्याच्या नावावर त्याच्याच मजुरीतून. मग ती चिठ्ठी हिरवी झाली.

चौथी पायरी: उदाहरणं मराठीतच लिहा

२००८ साली अस्लाक हेलेसॉय यांनी कुकुंबर नावाचं साधन काढलं. त्यात उदाहरणं साध्या वाक्यांत लिहितात आणि ती वाक्यं यंत्र तपासून बघतं. त्या लेखनशैलीला गर्किन म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना माहीत नसतं की गर्किनला मराठी कळतं, कानडीसुद्धा कळतं. फाइलच्या पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह, मग लँग्वेज हा शब्द, कोलन आणि मराठीसाठी एम-आर ही दोन इंग्रजी अक्षरं टाकायची. त्यानंतर सुविधा, परिदृश्य (म्हणजे एक उदाहरण), जर, जेव्हा, मग, आणि, पण हे शब्द कुकुंबर ओळखतं.

काकूंनी सांगितलेलं आम्ही तक्त्यात मांडलं आणि छापून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचली आणि दोन ओळींवर बोट थांबलं. आठ साड्या: हातात ८००. दहा साड्या: हातात ५००.

“हे काय? दोन साड्या जास्त विणणाऱ्याला तीनशे कमी?”

त्यांच्याच नियमाने तसं येत होतं. हजार पूर्ण झाले की पाचशे कापले जायचे. वहीत ही दोन माणसं कधी शेजारीशेजारी आली नव्हती म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग असं करा. हातात हजार राहिले पाहिजेत. त्याच्या वर जे असेल त्यातूनच कापा, आणि पाचशेच्या वर कापू नका.” मालकांनाही पटलं. फाइल अशी झाली (भाषेची पहिली ओळ इथं गाळली आहे; टोकदार कंसातल्या शब्दांच्या जागी खालच्या तक्त्यातले आकडे येतात):

सुविधा: उचल वळती करणे

परिदृश्य रूपरेखा: आठवड्याचा हप्ता
जर कारागिराची <उचल> रुपये उचल बाकी आहे
आणि आठवड्याचा हप्ता 500 रुपये आहे
जेव्हा तो 100 रुपये दराने <साड्या> साड्या जमा करतो
मग त्याला <हातात> रुपये मिळतात
आणि <उरली> रुपये उचल उरते

उदाहरण:
| उचल | साड्या | हातात | उरली |
| 5000 | 30 | 2500 | 4500 |
| 5000 | 12 | 1000 | 4800 |
| 5000 | 10 | 1000 | 5000 |
| 5000 | 8 | 800 | 5000 |
| 300 | 30 | 2700 | 0 |

(दर आणि रकमा इथं हिशेबाला सोप्या घेतल्या आहेत.)

हा तक्ता नुसता टेस्टसाठी लिहिला असता तर तो आमच्याच संगणकात पडून राहिला असता. काकूंना वाचता येईल अशा भाषेत होता म्हणून त्यांना त्यातली विसंगती दिसली. बीडीडीवर माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

पाचवी पायरी: आधी लाल होऊ द्या

प्रत्येक वाक्यामागे कोडचा एक छोटा तुकडा जोडावा लागतो, त्याला स्टेप डेफिनिशन म्हणतात. ‘कारागिराची इतके रुपये उचल बाकी आहे’ हे वाक्य आलं की प्रोग्रामने खरोखर तसा कारागीर आणि तशी उचल तयार करायची, एवढंच त्याचं काम. मग फाइल चालवा. सगळी उदाहरणं लाल, म्हणजे नापास, दिसतील, दिसलीच पाहिजेत. कोड नसताना हिरवं, म्हणजे पास, आलं तर तुमची टेस्ट काहीच तपासत नाही. आता वरून एकेक ओळ घ्या, ती हिरवी होईल एवढाच कोड लिहा, मग पुढची.

मराठीत लिहिताना दोन ठिकाणी आमचे तास वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

आकडे इंग्रजी वळणाचेच ठेवा आणि मध्ये स्वल्पविराम नको. कुकुंबरमध्ये पूर्णांक ओळखायची जी तयार खूण आहे ती ५००० किंवा 5,000 यांना एक आकडा म्हणून धरत नाही. म्हणून वरच्या फाइलमध्ये 5000 आहे.

दुसरी भानगड ‘ऱ्य’ची. ‘दुसऱ्या पाळीत’ असं वाक्य एकाने फाइलमध्ये लिहिलं, दुसऱ्याने तेच कोडमध्ये. कुकुंबर म्हणतं ही स्टेप सापडत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की एकाच्या कीबोर्डवर ते अक्षर नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ‘ऱ’पासून बनत होतं आणि दुसऱ्याच्या कीबोर्डवर साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. टीममध्ये सगळ्यांनी एकच मराठी कीबोर्ड घ्या आणि स्टेपचं वाक्य पुन्हा टाइप न करता कॉपी करा.

परिदृश्यात ‘हिरवं बटण दाबलं, मग उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत आकडा टाकला’ असलं लिहू नका. बटण उद्या निळं होईल. ‘साड्या जमा केल्या’ हे बदलणार नाही. आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला परिदृश्य लागत नाही. मोबाइल नंबरात दहा आकडे आहेत का, हे साध्या युनिट टेस्टने, म्हणजे कोडचा एकच लहान भाग बघणाऱ्या टेस्टने, तपासा. काकूंना ज्यावर मत असेल तेवढंच परिदृश्यात.

आठवड्याचं वेळापत्रक

स्क्रममध्ये स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरलेला कालावधी, एक महिना किंवा त्याहून कमी. नव्या टीमने एक आठवड्याचाच घ्यावा असं माझं मत. आमचा शनिवारच्या वाटपाला संपतो, त्यामुळे केलेलं काम त्याच संध्याकाळी खऱ्या माणसांपुढे चालतं. सोमवारी सकाळी कुठल्या चिठ्ठ्या घ्यायच्या ते ठरवतो. वाटप आटोपलं की तिथंच रिव्ह्यू: काकूंना दाखवायचं, त्या बोलतील ते लिहून घ्यायचं. त्यानंतर टीमची स्वतःची बैठक, रेट्रो. त्यात काम कसं झालं यावर बोलायचं, कुणी चुकलं यावर नाही, आणि पुढच्या आठवड्यात बदलायची एकच गोष्ट ठरवायची.

रोजची बैठक १५ मिनिटांची, उभ्यानेच. काल काय झालं, आज काय करणार, कशात अडकलोय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच नवखी मुलं गिळतात. खानापूरकडच्या मराठी शाळेतून आलेला एक मुलगा आमच्याकडे तीन आठवडे रोज ‘गोइंग ऑन, नो इश्यू’ एवढंच म्हणायचा. तो अडकलेला होता, पण इंग्रजीत अडचण मांडता येत नव्हती आणि बाकीच्यांपुढे चुकेल याची भीती होती. एका सकाळी आमच्या कानडी बोलणाऱ्या डेव्हलपरनेच बैठक मोडक्या मराठीत सुरू केली. त्या दिवशी हा मुलगा सलग चार मिनिटं बोलला आणि ज्या चुकीवर तो तीन दिवस झगडत होता ती शेजारच्याने दहा मिनिटांत काढली.

तेव्हापासून आमचा नियम: ज्याला ज्या भाषेत अडचण नीट सांगता येते त्याने त्या भाषेत सांगावी. मराठी, कानडी, हिंदी, काहीही. ज्याला कळलं नाही त्याने हात वर करावा, शेजारचा सांगेल. बेंगळुरू किंवा पुण्याच्या टीमसोबत कॉलवर असाल तर ही मोकळीक मिळेलच असं नाही. तिथं बैठकीआधी आपलं अडलेलं एका वाक्यात कागदावर इंग्रजीत लिहून ठेवा आणि तेच वाचा. वाचण्यात कमीपणा नाही. अडकलेलं लपवलं तर तोटा सगळ्या टीमचा होतो.

नियम बदलला तर

बदलणारच. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी काकूंचा फोन आला: दिवाळीच्या आठवड्यात कुणाचीच उचल कापायची नाही, सगळ्यांना पूर्ण मजुरी. पूर्वी असा फोन आला की आम्ही थेट कोड उघडायचो. या वेळी आधी फाइल उघडली आणि एक परिदृश्य वाढवलं:

परिदृश्य: सणाचा आठवडा
जर कारागिराची 5000 रुपये उचल बाकी आहे
आणि हा सणाचा आठवडा आहे
जेव्हा तो 100 रुपये दराने 30 साड्या जमा करतो
मग त्याला 3000 रुपये मिळतात
आणि 5000 रुपये उचल उरते

फोटो काढून काकूंना पाठवलं. उलट उत्तर आलं: “बरोबर. पण सणाचा आठवडा कुठला ते मी सांगणार, तुम्ही कॅलेंडर बघून ठरवू नका. गणपतीत आम्ही कापतो.” कोडमध्ये सणांची यादी घालायचं आमच्या मनात होतंच. ती गेली आणि काकूंच्या स्क्रीनवर एक खूण करायची चौकट आली. फाइल चालवली, नवं परिदृश्य लाल, जुनी सगळी हिरवी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं हिरवं झालं.

त्या शनिवारी वाटप साडेसहाला संपलं. निघताना काकूंनी उचलीच्या तक्त्याची एक छापील प्रत मागून घेतली आणि लाल वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवली.